ओसाड जागांचे फोटो: उजनीच्या गाळापासून एमआयडीसीच्या बंद फाटकापर्यंत

इंदापूर, करमाळा, दौंड या पट्ट्यात उन्हाळा किती कडक आहे हे उजनी धरणाच्या टक्केवारीवरून कळतं. मार्च उलटला की पारावर, चहाच्या टपरीवर एकच चौकशी असते, "उजनी किती?" आणि उत्तर येतं, "मायनस वीस", "मायनस चाळीस". बाहेरगावच्या माणसाला हे उणे पाणी समजत नाही. हिशेब असा आहे. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातलं 63.66 टीएमसी हा मृतसाठा आणि त्याच्या वरचं 53.57 टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाण्याची पातळी 491.03 मीटर असली की धरण शून्यावर, 496.83 मीटर झाली की शंभर टक्के. शून्य ते शंभर हा सगळा प्रवास सहा मीटरच्या आतला आहे, कारण हे धरण खोल कमी आणि पसरट फार. पातळी शून्याच्या खाली गेली की मायनस सुरू होतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी तेव्हा संपलं होतं.

अशा वर्षी पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं. भीमाकाठचं जुनं पळसदेव उजनीच्या फुगवट्यात गेलं. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, गाव उठून पुणे-सोलापूर रस्त्याला आलं, देवाची स्थापना नव्या गावठाणात झाली. जुनं देऊळ जागच्या जागी राहिलं. पाऊसमान बरं असलं तर शिखराचा शेंडा तेवढा दिसतो आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात. पाणी हटलं की शिखर, मंडप, ओवऱ्यांचे अवशेष, वीरगळ, सतीशिळा असं एकेक उघडं पडतं. मग होड्या सुरू होतात, मोबाईल बाहेर निघतात आणि दोन-तीन आठवडे वर्तमानपत्रांतून, व्हॉट्सॲपवरून तेच शिखर फिरत राहतं.

ओस पडलेल्या वास्तूंचे फोटो काढण्याचा छंद जगभर आहे आणि आपल्याकडेही तो चांगला रुजला आहे. मोडकी दारं, भिंतीतून उगवलेले पिंपळ, गंजलेली यंत्रं यांची ओढ मलाही आहे. पण असे शेकडो फोटो पाहिल्यावर एक गोष्ट खटकत राहते. बहुतेक फोटोंमध्ये जागा सुंदर दिसते, उदास दिसते, गूढ दिसते. ती ओस कशामुळे पडली हे मात्र कुठेच दिसत नाही. कुठलीही जागा आपोआप ओसाड होत नाही. धरणाचा निर्णय होतो, रेल्वेचे रूळ बदलतात, बँकेचं कर्ज थकतं, भाऊबंदकीत वाडा अडकतो. ते कारण ज्या फोटोत उतरतं तो फोटो टिकतो, असं माझं मत आहे. बारामती-इंदापूर हा टापू त्यासाठी फार चांगला आहे, कारण इथे जागा ओस पडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा तासाभराच्या अंतरात बघायला मिळतात.

पळसनाथापाशी आधी शिखराकडे पाहावं. ही भूमिज पद्धतीची बांधणी आहे. शिखराच्या चारी बाजूंना मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेली उभी पट्टी असते, तिला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर आणि सिन्नरचं गोंदेश्वर ही या पद्धतीची प्रसिद्ध उदाहरणं. पळसनाथाचं शिखर विटांचं आहे, खालचा भाग दगडी. फोटो काढताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्हींवर पाण्याचा परिणाम वेगवेगळा होतो. वीट पाणी पिते. पाणी उतरलं की उन्हात वाळते, वाळताना आतले क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे खडे होतात आणि ते विटेचा पापुद्रा सोडवतात. वर्षानुवर्षं भिजणं आणि वाळणं चाललं की वीट थराथरानं झडते. त्यात पातळी जिथे रेंगाळते तिथे लाटांचा मारा बसतो तो वेगळा. भिंतीवर या रेंगाळलेल्या पातळ्यांच्या फिकट-गडद रेषा उमटलेल्या असतात. सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर काळं शिखर हा फोटो सगळेच काढतात. या रेषांचा, झडलेल्या विटांचा जवळून काढलेला फोटो फार कमी लोकांकडे असतो, आणि पुढच्या दुष्काळात तुलना करायची झाली तर उपयोगी पडणार तोच.

पळसदेवची जुनी ओळख मंदिरापुरती नाही. शके 1079, म्हणजे इ.स. 1157 चा पळसदेवचा मराठी शिलालेख शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या संग्रहात घेतलेला आहे. ज्ञानेश्वरीच्याही सव्वाशे वर्षं आधी या काठावर कुणीतरी मराठी अक्षरं दगडात खोदत होतं. कोरलेल्या अक्षरांचे, झिजलेल्या वीरगळांचे फोटो भर दुपारी काढले तर सपाट धोंडा तेवढा दिसतो. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, खाचांत सावली भरते आणि आकार उठून येतात. तिरपं ऊन मिळत नसेल तर दुसऱ्या माणसाला दगडाच्या अगदी कडेला टॉर्च धरायला सांगावं आणि उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवत फोटो घ्यावेत. एका दिशेच्या उजेडात न दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेनं दिसते. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, भस्म चोळण्याची सवय मात्र सोडायला हवी. त्यानं दगड खराब होतो आणि चुकीची रेघ भरली गेली तर पुढचा वाचणाराही फसतो.

मंदिराच्या भोवतालच्या गाळात तर अख्खं गाव आहे. पाणी उतरल्यावर जुन्या घरांचे पाये, रस्त्याची आखणी, विहिरीचं तोंड असं काहीबाही दिसतं, पण नवख्याला ते दगडांचे ढीगच वाटतात. जुन्या गावात लहानपण गेलेलं एखादं माणूस बरोबर असलं की चित्र पालटतं. एका उन्हाळ्यात असे एक आजोबा काठीनं दाखवत पुढे चालले होते. ही चावडी, हा आमचा उंबरा, इथून बैल पाण्यावर जायचे. बोलता बोलता त्यांनी एका दगडावरून चप्पल काढून पाय बाजूला घेतला, कारण तिथे त्यांच्या शेजाऱ्यांचं देवघर होतं. तो दगड कॅमेऱ्यात बाकीच्या दगडांसारखाच येतो. त्याच्याखाली ओळ लिहिली तरच त्याचा अर्थ लागतो. म्हणून अशा ठिकाणी फोटोपेक्षा आधी मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करावं आणि विचारून, परवानगी घेऊन माणसाचं बोलणं टिपावं. धरणग्रस्तांची ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. घाई करायची तर इथे करावी.

आणि हा गाळ रिकामा नसतो. पाणी मागे सरकलं की त्यावर गाळपेर होते. जिथे काल होडी होती तिथे आज कलिंगडाचे वेल नाहीतर मका असतो. फोटोत 'उजाड प्रदेश' हवा म्हणून हिरवी पट्टी कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मला ती अप्रामाणिक चौकट वाटते. देऊळ, गाळपेर, चिलापीची जाळी घेऊन चाललेला मच्छीमार आणि लांबवर उपशाच्या मोटारींच्या केबली हे सगळं एका फोटोत आलं तर उजनीचा उन्हाळा काय असतो ते कळतं.

भिगवणच्या बाजूला डिकसळचा पूल आहे. तिथली गोष्ट आणखी मागे जाते. जीआयपी रेल्वेचा पुण्याहून निघालेला मार्ग 1858 च्या अखेरीस डिकसळपर्यंत आला आणि पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, पोचायला 1859 चा ऑक्टोबर उजाडला. मधले दहा महिने डिकसळ हे रुळांचं शेवटचं टोक होतं. पुढे भीमा ओलांडायला दगडी पूल बांधला गेला. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग बाजूला न्यावा लागला आणि रेल्वेचा पूल पुणे व सोलापूर जिल्ह्यांना जोडणाऱ्या रस्त्याचा पूल झाला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या दगडी खांबांखाली आज हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे असतात आणि पर्यटकांचे कॅमेरे सगळे तिकडे वळलेले असतात. एखादा कॅमेरा खांबांच्या सांध्यांकडे, चिऱ्यांच्या घडाईकडे वळावा असं फार वाटतं.

रेल्वेचीच दुसरी खूण बारामतीची. दौंड-बारामती ही अडीच फुटी नॅरोगेज 1914 मध्ये सुरू झाली. पुढे ब्रॉडगेज आली आणि छोटी गाडी गेली. अशा बदललेल्या मार्गांवर उरतात त्या बारीकसारीक वस्तू. कुठे मोरीचा दगड, कुठे कुंपणाचा खांब म्हणून रोवलेला रुळाचा तुकडा. यांचे फोटो एकेकटे किरकोळ वाटतात. सगळे मिळून नकाशावर मांडले की हरवलेला मार्ग उभा राहतो.

इथेच जर्मनीच्या बेखर दांपत्याची आठवण काढायला हवी. बर्न्ट आणि हिला बेखर यांनी 1959 पासून पुढची काही दशकं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे, कोळशाचे साठे अशा उद्योगांच्या वास्तूंचे फोटो काढले. पद्धत ठरलेली. आभाळ ढगाळ, सावली नाही, वास्तू समोरासमोर, चौकटीच्या मध्यभागी, माणूस नाही, नाट्य नाही. एकाच प्रकारच्या नऊ-बारा-पंधरा वास्तूंचे फोटो ते शेजारी शेजारी लावत. मग एका टाकीत न दिसणारी गोष्ट दिसू लागे, की प्रत्येक गवंड्यानं, प्रत्येक अभियंत्यानं तेच काम थोडं वेगळं केलं होतं. ही पद्धत आपल्या भागात कशाला लावता येईल असं मला विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता गुऱ्हाळं सांगेन.

नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला आणि त्याच्याबरोबर बारामती-इंदापुरात ऊस आला. ऊस आला तशी गुऱ्हाळं आली. पुढे 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला, त्याभोवती वालचंदनगर वसलं, नंतर सहकारी कारखाने उभे राहिले आणि ऊस तिकडे वळला. गुऱ्हाळं काही चालू राहिली, बरीचशी थंडावली. थंडावलेल्या गुऱ्हाळाच्या जागी काय उरतं ते जवळून बघावं. जमिनीत खोदलेलं चुलवाण, त्याच्या तोंडाशी भाजून काळी-तांबडी झालेली माती, मागे धुराडं. त्यावरची काहील बहुधा विकली गेलेली असते, कारण धातूला भाव येतो. चरकाचा सांगाडा कधी झाडाखाली पडलेला सापडतो, दातांत अजून वाळलेलं पाचट अडकलेलं. भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा दिसतात, चार उभ्या आणि एक आडवी. तो आदणांचा हिशेब असतो. गुळव्यानं आज किती काहिली उतरवल्या त्याची ती नोंद आहे, एका पावसाळ्यात धुऊन जाईल अशी. अशी दहा-पंधरा चुलवाणं एकाच उंचीवरून, एकाच अंतरावरून, ढगाळ दिवशी टिपली तर बारामती-इंदापूरच्या साखरेचा इतिहास भिंतीवर लावता येईल.

वाड्यांची कहाणी वेगळी. हा कमी पावसाचा मुलूख, त्यामुळे घरांवर उतरती कौलं कमी आणि माळवदं जास्त. तुळयांवर कडीपाट, त्यावर फांद्या-पाल्याचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना. पांढरी माती चोपून बसवली की पाणी आत उतरू देत नाही, पण दर पावसाळ्याआधी ती नव्यानं घालून नीट करावी लागते, उगवलेलं गवत उपटावं लागतं. घरातली माणसं पुण्याला गेली की पहिल्यांदा थांबतं ते हे काम. गवताची मुळं थर फोडतात, पाणी तुळईच्या टोकाशी मुरतं, भिंतीत बसवलेलं टोक कुजतं आणि एका पावसात सगळा भार खाली येतो. तो भार टनांत असतो. म्हणून पडक्या वाड्यात आधी वर बघावं, मग पुढे. तुळई मधून वाकलेली दिसली, भिंतीला ओलीचे ताजे ओघळ दिसले तर दारातूनच फोटो घ्यावा आणि परतावं. इंदापुरातली मालोजीराजे भोसले यांची गढी, बारामतीत कऱ्हेकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा, मोरोपंतांची वास्तू ही नामांकित ठिकाणं. त्यांच्याकडे लोकांचं, सरकारचं लक्ष आहे. खेड्यातल्या निनावी वाड्याच्या कोरीव खांबाकडे, कोनाड्याच्या महिरपीकडे कुणी बघत नाही. जुन्या लाकडाचे व्यापारी तेवढे न चुकता बघतात. वर्षाच्या आत खांब कुठल्यातरी हॉटेलात जाऊन उभा राहतो. तो मुळात कुठल्या घरचा, कुठल्या सोप्यातला, हे तुमच्या फोटोवाचून कुणाला सांगता येणार नाही.

आता एमआयडीसी. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं आणि जमीन संपादून, रस्ते-पाणी-वीज देऊन भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर द्यायची पद्धत पडली. बारामतीची वसाहत आज गजबजलेली आहे. मोठे कारखाने आहेत, वस्त्रोद्योगाचं संकुल आहे, दुधाचे प्रकल्प आहेत. पण कुठल्याही औद्योगिक वसाहतीत आतल्या रस्त्यांवर फिरलं तर एखादं फाटक कायमचं बंद दिसतं. गवत वाढलेलं, सुरक्षारक्षकाच्या खोलीची काच फुटलेली, कंपनीच्या नावातली दोन अक्षरं गळालेली. फाटकावर बहुधा एक कागद चिकटवलेला असतो. तो आधी वाचावा. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली कर्ज थकलेल्या मालमत्तेचा ताबा घेताना बँकेला ताब्याची नोटीस जागेवर ठळक ठिकाणी लावावी लागते आणि दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. कर्जाची रक्कम, तारीख, भूखंड क्रमांक, चतुःसीमा असं सगळं त्या एका कागदावर असतं. उन्हानं शाई उडते, पावसानं कागद गळतो. कारखाना का बंद पडला याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तोच असतो आणि आत शिरून यंत्रांचे फोटो काढायच्या घाईत असलेला छंदिष्ट नेमका त्यालाच ओलांडून जातो. फोटो काढला तरी तो प्रसिद्ध करताना जामीनदारांची नावं-पत्ते झाकावेत. त्यांच्या घरच्या अडचणीचा तमाशा करण्याचं आपल्याला काही कारण नाही.

आत जायचं तर लेखी परवानगी घेऊनच जावं. बंद कारखानाही कुणाचा तरी असतो. मूळ भाडेपट्टेदार, बँक, कोर्टानं नेमलेला अवसायक, महामंडळ आणि थकलेल्या पगारावर हक्क असलेले कामगार, इतक्यांचे धागे त्यात गुंतलेले असतात. परवानगीशिवाय आत शिरणं पोलिसांच्या भाषेत अतिक्रमण ठरू शकतं आणि भंगारचोरीचा संशय आला तर कॅमेरा दाखवून सुटका होत नाही. परवानगी मागणं वाटतं तितकं अवघड नसतं. काय काढणार, कधी काढणार, फोटोंचं काय करणार आणि एक संच तुम्हाला देणार, असं साध्या अर्जात लिहिलं की निम्म्या ठिकाणी तरी रस्ता निघतो. आत गेल्यावर सिमेंटच्या पत्र्यांच्या तुकड्यांवर पाय देऊ नये. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि फुटलेल्या पत्र्याचा धुरळा फुप्फुसाला घातक असतो. अर्धवट भरलेल्या ड्रमांपासून, झाकण नसलेल्या टाक्यांपासून लांब राहावं. वटवाघळांच्या विष्ठेचा थर असेल तिथे साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा.

कारखान्यात सर्वांत बोलक्या वस्तू यंत्रं नसतात. हजेरीची कार्डं ठेवायची भिंतीवरची खणांची फळी, कँटीनच्या दरपत्रकातला चहाचा दर, दसऱ्याला यंत्राला लावलेल्या हळदीकुंकवाचा डाग आणि सुकून काळा झालेला झेंडूचा हार. शेवटची पूजा कोणत्या वर्षीची, हे कधी बाजूच्या कॅलेंडरवरून कळतं. मुंबईच्या गिरण्या 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या. त्यांच्या रिकाम्या साच्याखात्यांचे पुष्कळ फोटो आहेत. चाळीतली माणसं आणि खात्यातली त्यांची जागा यांचा मेळ घालणारे फोटो तुलनेनं थोडे आहेत, आणि आता ते काढता येणार नाहीत, कारण त्या जागी टॉवर आहेत. बारामतीसारख्या तरुण वसाहतीत ही वेळ अजून गेलेली नाही. बंद पडलेल्या युनिटमध्ये काम केलेला माणूस दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कारखान्यात पाळी करतो आहे.

अमेरिकेत डेट्रॉइट शहराच्या बाबतीत हा वाद मोठा झाला. मोटार उद्योग आटला, लाखो लोक शहर सोडून गेले आणि भव्य स्टेशन, थिएटर, शाळा ओस पडल्या. इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या फ्रेंच जोडीचं 'द रुइन्स ऑफ डेट्रॉइट' हे पुस्तक 2010 मध्ये आलं. फोटो थक्क करणारे आहेत. पण तिथल्या रहिवाशांनी तक्रार केली की बाहेरचे लोक येऊन आमच्या दुर्दशेला सुंदर करून विकतात आणि आम्ही अजून इथे राहतो हे चौकटीत येतच नाही. याउलट कामिलो होसे व्हर्गारा यांनी अमेरिकेच्या गरीब वस्त्यांतल्या त्याच जागांचे, त्याच कोनातून, वर्षानुवर्षं फोटो काढले. दुकान बंद झालं, चर्च झालं, जळालं, मोकळा भूखंड झाला. मला या दोन वाटांपैकी दुसरी जवळची वाटते. उजनी तर त्या वाटेसाठीच असल्यासारखी आहे, कारण इथे काळ पाण्याच्या पातळीनं आखून दिलेला आहे.

एकाच जागेचा पुन्हा फोटो काढायचं तंत्र शिकून घेण्यासारखं आहे. मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी 1977 पासून अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागा शोधून पुन्हा फोटो काढले, तेव्हा ते या तंत्रानं काम करत. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडायची, समजा मंडपाचा खांब आणि पलीकडच्या काठावरचं झाड. जुन्या फोटोत झाड खांबाच्या किती डावीकडे दिसतं ते मोजायचं. जागेवर उभं राहून डावी-उजवीकडे सरकलं की हे अंतर बदलतं. ते जुळलं की तुम्ही योग्य रेषेवर आलात. मग दुसरी जोडी घेऊन मागे-पुढे सरकायचं आणि शेवटी कॅमेऱ्याची उंची जुळवायची. झूम करून आकार जुळवला आणि जागा चुकली तर तुलना फसते. पहिल्यांदा फोटो काढतानाच पुढच्याची सोय करून ठेवावी. कुठे उभे होतो ते अक्षांश-रेखांशासह लिहावं, लेन्स कुठली, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, उजनीची त्या दिवशीची पातळी किती. फोटोत मापासाठी काही ठेवावं. अर्ध्या मीटरची रंगवलेली काठी उत्तम.

उजेडाची अडचण गाभाऱ्यात आणि शेडमध्ये सारखीच येते. आत अंधार, दारातून डोळे दिपवणारा प्रकाश. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून कमी, मध्यम, जास्त असे तीन उजेडांचे फोटो घ्यावेत आणि नंतर जोडावेत. मोबाईल हेच काम आतल्या आत करतो. जोडल्यावर रंग इतके भडकवू नयेत की गंज नारिंगी आणि शेवाळ पोपटी दिसेल. दगडाचा खरा रंग ही माहिती आहे. उभ्या भिंती मागे कललेल्या दिसू नयेत म्हणून कॅमेरा वर न रोखता लांब जाऊन सरळ धरावा.

उजनीच्या पात्रात जाताना दोन धोके असतात. एक गाळ. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पापडीखाली ओला असतो आणि गुडघाभर पाय रुतला की एकट्याला निघता येत नाही. स्थानिक माणूस ज्या वाटेनं चालतो त्याच वाटेनं चालावं. दुसरा वारा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वळवाच्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पसरट पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं तर सूर्यास्ताचा फोटो सोडून द्यावा, आणि लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत कधीच बसू नये. ड्रोन उडवायचा असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्या जागेचा हवाई नकाशा आधी तपासावा आणि पाणपक्ष्यांच्या थव्यांवर तो नेऊ नये.

गाळात नाणं, मूर्तीचा तुकडा, ताम्रपट असं काही दिसलं तर हात न लावता जागेचा फोटो घेऊन तहसील कार्यालयाला कळवावं. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, असा 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. वीरगळ सरळ करून 'चांगला' फोटो काढण्याचा मोह होतो. तो ज्या दिशेला तोंड करून, ज्या शेजाऱ्यांसह पडला आहे, त्यातूनच संशोधक काहीतरी ओळखतो. उचलला की ते गेलं.

महाराष्ट्राला या कामाची मोठी परंपरा आहे हे आपण विसरलो आहोत. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 मध्ये निघाली होती; भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. 1855 मध्ये मुंबई सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं. त्या फोटोंवरून आज कुठला सज्जा कधी पडला, कुठे दुरुस्तीत दगड बदलला, ते तपासता येतं. काढणाऱ्यानं जागा, दिशा, वर्ष लिहून ठेवलं म्हणून हे जमलं.

आपल्या फोटोंचं शेवटी काय करायचं हा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशी सोडवावा. फाईलच्या नावातच गाव, वास्तू आणि तारीख घालावी. दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. निवडक फोटो कागदावर छापून, मागे पेन्सिलीनं माहिती लिहून एक संच गावच्या ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात, दुसरा तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावा. नव्या पळसदेवात असे फोटो घेऊन बसलं की बायामाणसं जमतात, कुणी चुका दुरुस्त करतं, कुणी आपल्या पेटीतला लग्नाचा फोटो आणून दाखवतं, ज्यात मागे जुन्या गावातला वाडा असतो. तो फोटो तिथेच, त्यांच्या अंगणात, सावलीत सपाट धरून पुन्हा काढून घ्यावा आणि मूळ प्रत त्यांच्या हातात परत द्यावी.